छपरावरचा सूर्य आणि आयोगाचा तराजू

विजेचे बिल हा मध्यमवर्गीय घरात येणारा असा कागद आहे की, जो सर्वजण भरतात आणि कोणीही वाचत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी नावे त्यावर ओळीने छापलेली असतात. गृहस्थ शेवटचा आकडा पाहतो, कपाळाला आठ्या घालतो, सरकारला दोन शब्द ऐकवतो आणि पैसे भरून मोकळा होतो. या आकारांचा परस्परांशी संबंध काय, ते कोणी व कोणत्या न्यायाने ठरविले, याची चौकशी करण्याची त्याला कधी गरज भासली नाही. ती गरज आता उत्पन्न झाली आहे. कारण वीज कशी मोजावी, तिचे मोल कोणत्या घटकेला किती धरावे आणि तारांचा खर्च कोणाच्या माथी मारावा, हे सारे प्रश्न आज नव्याने उकरले जात आहेत; आणि त्यांचा निकाल लागेल तो याच कागदावर लागेल.

हे प्रश्न कोणा पुढाऱ्याने किंवा पक्षाने उपस्थित केलेले नाहीत. ते उपस्थित केले आहेत छपरावर बसविलेल्या काचेच्या तावदानांनी आणि भिंतीवरच्या नव्या मीटरने. वीज मोठ्या केंद्रात निर्माण होणार, तारांतून एकाच दिशेने वाहत घरी येणार आणि घरातला माणूस तिचा केवळ उपभोग घेणार, या गृहीतावर आपली सारी नियमव्यवस्था उभी आहे. एक युनिट म्हणजे एक युनिट, मग ते भर दुपारी वापरा की दिवेलागणीला, हे तिचे दुसरे गृहीत. दोन्ही गृहीते आपल्या डोळ्यांदेखत मोडून पडली आहेत. नियम मात्र त्यांच्याच पायावर उभे आहेत.

थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या, तेव्हा देशात १९१० चा वीज कायदा होता. परवानेदार कंपनीने वीज विकावी आणि सरकारने तिच्यावर नजर ठेवावी, एवढाच त्याचा आवाका. वीज ही सार्वजनिक उत्कर्षाची पायाभूत गोष्ट आहे, ती स्वस्त व मुबलक मिळाली पाहिजे, हा विचार राज्यकारभारात ठामपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना. पुढे १९४८ चा कायदा झाला, राज्योराज्यी वीज मंडळे आली. महाराष्ट्राचे मंडळ राज्याबरोबरच १९६० साली जन्मास आले. या मंडळाने खेडोपाडी वीज नेली हे त्याचे ऋण कोणी नाकारू नये. पण दर ठरविणारे आणि मते मागणारे हात एकच असल्यामुळे मंडळाचा हिशेब आणि मंत्र्यांची सोय यांत भेद उरला नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने तर १९९३ च्या करारापासून २००१ साली वीजखरेदी थांबेपर्यंत या राज्याला जो धडा दिला, त्याची फी आपण सर्वांनी भरलेली आहे.

त्या अनुभवातूनच नियामक आयोगाची कल्पना येथे रुजली. १९९८ चा कायदा झाला, १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. राजापूरचे तेव्हाचे खासदार सुरेश प्रभू केंद्रात ऊर्जामंत्री असताना २००१ साली नवे विधेयक लोकसभेत आले आणि त्यातून २००३ चा वीज कायदा साकारला. त्यानुसार २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. दर ठरवावा तो आयोगाने, खर्चाचे कागद तपासून, जाहीर सुनावणी घेऊन आणि कारणे लेखी नोंदवून, ही या व्यवस्थेची प्रतिज्ञा होती. मंत्र्याच्या दालनातला दर सार्वजनिक सभागृहात आला, ही लहान क्रांती नव्हे. पुण्यामुंबईच्या ग्राहक संघटनांनी आकडेवारीसह केलेल्या युक्तिवादांनी त्या सुनावण्यांना वजनही आणले.

परंतु या तराजूच्या तळाशी प्रारंभापासून एक दगड बांधलेला होता. उद्योग, व्यापार आणि अधिक वीज वापरणारी घरे यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यावा आणि त्यातून शेतीपंपांचा व अल्प वापराच्या घरांचा दर खाली ठेवावा, या पद्धतीला वीज खात्याच्या भाषेत क्रॉस सबसिडी म्हणतात. तिच्यामागची न्यायबुद्धी आम्हांला मान्य आहे. शंभर युनिटांच्या आत दिवस काढणाऱ्या घराने आणि पाचशे युनिटांच्या वर जाणाऱ्या घराने एकाच दराने पैसे द्यावेत, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. मात्र ही पद्धत एका अटीवर चालते: जास्त दर देणाऱ्याला पळून जाण्यास वाट नसली पाहिजे. आजवर ती नव्हती. मोठ्या कारखान्यांना २००३ च्या कायद्याने खुल्या प्रवेशाची खिडकी उघडून दिली, पण त्यांच्यावर अधिभार बसवून ती अर्धी लावूनही घेतली होती. घरगुती ग्राहकाला तर खिडकीच नव्हती.

ती खिडकी आता छपरात उघडली आहे. महाराष्ट्रात आयोगाने २०१५ साली नेट मीटरिंगचे नियम केले, २०१९ साली ते सुधारले. योजना सोपी आणि आकर्षक आहे. दुपारी छतावर निर्माण झालेली जादा वीज तारांत सोडावी, रात्री तारांतून परत घ्यावी आणि महिनाअखेर दोहोंची वजाबाकी होऊन उरेल तेवढ्याचेच बिल यावे. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आणली; एक कोटी घरांचे उद्दिष्ट, पंचाहत्तर हजार कोटींहून अधिक रकमेची तरतूद आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपयांचे साहाय्य. त्याच महिन्यात ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन दहा किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक तपासणीची अट गेली. जो मध्यमवर्ग आजवर केवळ बिल भरीत होता, त्याला सरकारने स्वतः हाताला धरून वीज उत्पादकांच्या पंक्तीला बसविले.

आता वितरण कंपनीचे म्हणणे ऐकू या, कारण ते नुसते झिडकारण्याजोगे नाही. दुपारी बारा वाजता देशभरच सूर्य तळपत असतो. देशाची सौर क्षमता २०२५ च्या जानेवारीत एक लाख मेगावॉटच्या पार गेली. परिणामी ऊर्जा बाजारात दुपारच्या विजेचा भाव कधी कधी मातीमोल होतो आणि सूर्य मावळल्यावर तोच भाव दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. नेट मीटरिंगचा ग्राहक दुपारचे स्वस्त युनिट देऊन रात्रीचे महाग युनिट मागतो. शिवाय तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांचा खर्च त्याचे बिल शून्यावर आले म्हणून शून्य होत नाही. तो खर्च उरलेल्या ग्राहकांत वाटला जातो. म्हणजे प्रशस्त गच्ची असलेल्या बंगलेवाल्याची बचत चाळीतल्या भाडेकरूच्या बिलात थोडी थोडी उतरते. हा आक्षेप खरा आहे आणि सौरग्राहकांच्या कैवाऱ्यांनी तो उडवून लावणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कॅलिफोर्नियासारख्या सूर्यपूजक राज्यालाही हाच पेच पडला आणि २०२३ च्या एप्रिलपासून नव्या ग्राहकांना तारांत सोडलेल्या विजेचा मोबदला तेथे बराच कमी करावा लागला. तेथे तो नव्या ग्राहकांना कमी केला, जुन्यांशी झालेला करार मोडला नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे नेमके येथेच पाऊल अडखळते. महावितरणने आयोगापुढे ठेवलेल्या बहुवार्षिक दरप्रस्तावावर २०२५ च्या आरंभी जाहीर सुनावण्या झाल्या. त्या प्रस्तावात दिवसाच्या वेळांची जी नवी मांडणी होती, तिच्यामुळे आपले दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होणार नाही, अशी धास्ती सौरग्राहकांत पसरली आणि तिचे पडसाद उमटल्यावाचून राहिले नाहीत. या ग्राहकांत पेन्शनीत निघालेले शिक्षक आहेत, बँकेचे कर्ज काढणारे कारकून आहेत. सौर तावदानाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे सांगितले जाते; पाच-सहा वर्षांत पैसे फिटतील असा हिशेब त्यांना दाखविण्यात आला आणि तो हिशेब सरकारच्या जाहिरातींनी मनावर ठसविला. कर्जाचा तिसरा हप्ता जाण्यापूर्वीच हिशेबाचे सूत्र बदलण्याची भाषा सुरू व्हावी, याला काय म्हणावे? एका खात्याने आमंत्रण द्यावे आणि दुसऱ्याने पंक्तीतून उठवावे, हा शिष्टाचार आमच्या परिचयाचा नाही. ज्यांनी ज्या नियमांखाली संच बसविला, त्यांना ते नियम ठरावीक वर्षे बांधून दिलेच पाहिजेत. बदल करायचा तर उद्याच्या ग्राहकासाठी करावा, आणि त्याला तो पैसे घालण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगावा.

यावरून आम्ही छपरवाल्यांचीच वकिली करीत आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. आमच्या वाचकांतील पुष्कळजण तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, मोबाइलचा मनोरा आहे आणि सेक्रेटरीची कुंडीतली तुळस आहे. उरलेल्या जागेवर कोणाचा किती हक्क, याचा निवाडा ब्रह्मदेवालाही करता येणार नाही. अशांसाठी एखाद्या सामायिक संचातील हिस्सा आपल्या बिलात वळता करून घेण्याची व्यवस्था तंत्रदृष्ट्या सहज शक्य आहे. मीटर ते गणित चुटकीसरशी करील. अडचण आहे ती नियमाची आणि त्याहून अधिक इच्छेची. स्वस्त सूर्यप्रकाशाचा लाभ गच्चीच्या मालकीवर अवलंबून राहणे, ही नव्या युगातली नवी वतनदारी होईल.

दुसरा बदल भिंतीवरचा. २०२१ साली केंद्राने आखलेल्या वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचे ठरले. महाराष्ट्रात त्याविरुद्ध एवढा रोष उसळला की, सर्वसामान्य ग्राहकांकडे हे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत असे सरकारला २०२४ च्या जूनमध्ये जाहीर करावे लागले. पुढे तशाच जातीचे मीटर वेळेनुसार दर मोजणारे म्हणून, महिनाअखेरच्या बिलासह, येऊ लागले. नाव बदलले म्हणजे वस्तू बदलते असे मानण्याइतका मराठी ग्राहक भोळा नाही. या मीटरवर जे अनेक आरोप होतात, त्यांतले सर्वच आम्हांस मान्य आहेत असे नाही. मीटर वेगाने पळतो ही तक्रार पडताळून पाहता येते आणि तक्रार आल्यास पाच दिवसांत जोडीला तपासणीचा मीटर बसविण्याचे बंधन २०२४ च्या नियमांनी घातलेही आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. आगाऊ पैसे भरणारा मीटर ग्राहकाने पसंत केला तर त्याच्याकडून अनामत घेऊ नये, असे २००३ च्या कायद्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमात म्हटले आहे. कायदा ज्याला पसंती म्हणतो, त्याची सक्ती योजनेच्या परिपत्रकातून होऊ लागली, हे नियमनाचे लक्षण नव्हे.

शिवाय हा मीटर दर पाव किंवा अर्ध्या तासाची नोंद ठेवतो. घरात माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर पडतात, किती दिवस गावाला गेली आहेत, हे त्या नोंदीवरून जाणत्याला वाचता येते. ही नोंद कोणाची? कंपनीची, मीटर बसविणाऱ्या ठेकेदाराची, की घरमालकाची? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण विजेच्या नोंदींबाबत सामान्य ग्राहकाला समजेल असा स्वतंत्र नियम आयोगाने मराठीत छापून त्याच्या हाती ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही.

वेळेनुसार दराचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. २०२३ च्या जूनमधील केंद्रीय नियमांनी उन्हाच्या आठ तासांत दर निदान वीस टक्क्यांनी कमी ठेवण्यास सांगितले आणि शेती सोडून सर्व ग्राहकांना ही पद्धत २०२५ च्या एप्रिलपर्यंत लागू करण्याची मुदत घातली. महाराष्ट्रात २०२५ च्या जुलैपासून असे मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत युनिटमागे ऐंशी पैशांपासून रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. चांगली गोष्ट आहे. पण सकाळी नऊला लोकल पकडून सायंकाळी सातला घरी परतणाऱ्या पतिपत्नींनी ही सवलत कशी घ्यावी? त्यांचा गीझर पहाटे सहाला तापतो, वॉशिंग मशीन रात्री फिरते. सवलत घ्यायची तर घरातील कोणीतरी दुपारी राबले पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा सासूबाई किंवा नोकरी नसलेली सून, हे नियमावली लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आलेले दिसत नाही. दुपारच्या स्वस्त विजेचे खरे गिऱ्हाईक कारखाने आणि पाण्याचे पंप हे आहेत. शेतीच्या वाहिन्या सौर केंद्रांना जोडून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याची जी योजना २०१७ साली राळेगणसिद्धीपासून सुरू झाली, ती याच कारणाने आम्हांला साऱ्या घोषणांत अधिक अर्थपूर्ण वाटते. रात्री सर्पदंशाच्या भीतीने मोटार सुरू करण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल विचारावे.

हे सारे तोलायचे आहे आयोगाला. आणि आयोगाची स्थिती काय? २०२५ च्या मार्चअखेरीस दराचा आदेश निघाला. त्यात दर उतरल्याची सुवार्ता होती. एप्रिल उजाडताच त्या आदेशाला आयोगानेच स्थगिती दिली आणि जूनअखेरीस सुधारित आदेश काढला. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार प्रत्येक न्यायासनाला असतो. तथापि हजारो पाने वाचून, गावोगावच्या हरकती ऐकून दिलेला निर्णय कंपनीच्या अर्जासरशी आठवड्याच्या आत थांबतो, हे दृश्य ग्राहकाच्या मनात विश्वास वाढविणारे खासच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशातील आयोगांना जे ऐकविले, तेही येथे आठवते. आज दर वाढविला तर लोक ओरडतील म्हणून खर्चाची वसुली पुढे ढकलीत राहायचे, आणि ती साचलेली रक्कम व्याजासह पुढच्या ग्राहकांवर लादायची, ही पद्धत बंद करून जुनी थकबाकी २०२८ च्या एप्रिलपर्यंत निकालात काढावी, असे न्यायालयाने बजावले. दिल्लीतील कंपन्यांच्या या थकबाकीचा आकडा हजारो कोटींचा आहे. लोकप्रियतेची किंमत कधीच माफ होत नाही. ती फक्त पुढच्या बिलावर जाते.

सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. कोणा वर्गाला वीज स्वस्त अथवा फुकट द्यायची तर त्याची रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ द्यावी, असे कायद्याचे पासष्टावे कलम सांगते. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज जाहीर झाली आहे. शेतकऱ्याला साहाय्य द्यावे याबद्दल आमचा वाद नाही. ते तिजोरीतून, विधिमंडळाच्या मंजुरीने आणि वेळेवर द्यावे. ते उद्योगांच्या आणि शहरी घरांच्या दरात लपविले, की तो उद्योग आणि ते घर छपरावरच्या खिडकीतून निसटणारच. जुन्या काळी ही लपवाछपवी खपून गेली. नवे तंत्र ती खपवून घेणार नाही.

कायद्याची भाषाही मागे पडली आहे. २००३ साली वीज साठवून ठेवता येईल ही गोष्ट विधेयक लिहिणाऱ्यांच्या हिशेबातच नव्हती. बॅटरी ही निर्मिती, पारेषण की वितरण, याचे उत्तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने नियम करून दिले. विजेच्या मोटारीत वीज भरून देणे ही वीजविक्री आहे की सेवा, हा प्रश्नही २०१८ साली मंत्रालयाच्या एका खुलाशाने सोडविण्यात आला. त्यासाठी परवाना लागत नाही असे ठरले. उत्तरे बरोबर होती. पण संसदेने बोलावयाच्या जागी मंत्रालयाची परिपत्रके बोलू लागली, की आज एका परिपत्रकाने दिलेले उद्या दुसरे परिपत्रक काढून घेते.

संसदेपुढे नेण्यासाठी केंद्राने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरील क्रॉस सबसिडीचा भार पाच वर्षांत संपवावा आणि एकाच तारेवरून एकाहून अधिक कंपन्यांना वीज पुरविता यावी, असा त्याचा रोख आहे. तार एकाची आणि वीज दुसऱ्याची, हा प्रयोग मुंबईच्या उपनगरांनी २००९ पासून पाहिलेला आहे. स्पर्धेचा फायदा तेथे ग्राहकांना झाला हे खरे. परंतु जास्त दर देणारे ग्राहक आधी हलले, मागे राहिलेल्यांवर भार आला आणि तो सावरण्यासाठी हललेल्यांवर अधिभार बसवावा लागला, हेही तितकेच खरे. उद्योगांचा भार पाच वर्षांत उतरवायचा, तर तो पाच वर्षांत कोणाच्या खांद्यावर चढणार, याचा आकडा मसुद्याच्या सोबतच जाहीर व्हावयास हवा होता.

आयोगापुढील पुढच्या दरसुनावणीत तरी पुढील गोष्टी लेखी याव्यात अशी आमची अपेक्षा आहे. तारा आणि रोहित्रांचा प्रत्यक्ष खर्च किती आणि त्यातला किती भाग स्थिर आकारातून येतो. छपरावरच्या विजेमुळे कंपनीचा महसूल किती घटला आणि त्याच विजेमुळे वहनातील गळती व दुपारची खरेदी किती वाचली. या दोन्ही बाजूंचे आकडे कंपनीकडे आहेत. आजवर तोट्याचीच बाजू मोठ्या आवाजात सांगण्यात आली. दोन्ही पारडी भरल्यावाचून तराजू उचलू नये. आणि प्रस्तावाची मराठी प्रत सुनावणीच्या आदल्या रात्री नव्हे, तर महिनाभर आधी प्रत्येक उपविभागीय कार्यालयात ठेवावी; ती वाचण्यास ग्राहक आता तयार आहे.